जिंकणाऱ्यानं वाढायचं

हरलेल्यांनी पंगतीला बसायचं आणि जिंकलेल्यांनी कमरेला दुपट्टा बांधून त्यांना वाढायचं, हा आमच्या मोहगावचा नियम कोणी घातला ते मला माहीत नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणत, त्यांच्या बाबांच्या वेळीही असंच होतं. बाहेरून आलेल्या माणसाला यात काही अर्थ दिसत नसे. जिंकणाऱ्याच्या गळ्यात हार पडतात, त्याला खांद्यावर घेऊन नाचतात, हे सगळ्या दुनियेला ठाऊक. आमच्याकडे मात्र हुतूतूचा सामना जिंकला की माणूस दमल्या अंगानं वरणाची बादली उचलायचा, आणि घटकाभरापूर्वी ज्याला मातीत लोळवलं त्याच्याच पुढे वाकून विचारायचा, "अजून घेता काय, भाऊ?" आता या वयात मला वाटतं, नियम घालणारा कोणी खेळाडू नसावा, चुलीपुढे बसलेली एखादी बाई असावी. पोट्टे भांडून उपाशी घरी जाऊ नयेत म्हणून तिनं ही युक्ती केली असेल.

सामना व्हायचा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला. त्या दिवशी पांढुरण्याला गोटमार, नदीच्या दोन काठांवरून दगड मारायची जत्रा, म्हणून माझी मावशी आम्हाला तिकडे बोलवायची आणि माय दरवर्षी एकच निरोप पाठवायची, "आमच्याकडे सौसरची टीम जेवाले येऊन राहिली, मी कशी येऊ?" सामना पाहायला नाही, जेवायला. मायच्या लेखी सौसरची टीम जेवायलाच यायची, मधल्या वेळात थोडं खेळायची. आमच्या संत्र्याच्या बगीच्याला लागून खळं होतं. पावसाळ्यात ते रिकामंच असायचं, आणि मुरूम घातलेला असल्यामुळे तिथं चिखल होत नसे. सकाळी दादा चुन्यानं रेषा आखायचा. झाडांवर संत्री अजून हिरवीच असायची, आदल्या दिवशी सजवलेल्या बैलांच्या शिंगांवरचा रंग तसाच असायचा, आणि बगीच्याच्या बांधावर गोवऱ्या रचून, पेटवून माय आणि काकू रोडगे भाजायला बसायच्या. कणकेचे थरावर थर देऊन केलेले ते गोळे निखाऱ्यात काळे पडेपर्यंत भाजायचे, मग राख झटकून फोडायचे आणि वर तूप सोडायचं. सोबत वांग्याची भाजी, तीही अशी तिखट की जेवणाऱ्याच्या टाळूला घाम फुटावा. हे सगळं करणाऱ्या बायकांनी पंगतीत मात्र पाऊल टाकायचं नाही. वाढायचं ते जिंकलेल्या गड्यांनीच.

आणि जिंकायचं ते सौसरनंच. यात कधी खंड पडला नाही. सौसर तहसिलीचं गाव. तिथं शाळा, बाजार, नागपूरची छोटी गाडी. तिथले खेळणारे म्हणजे दुकानदारांची, मास्तरांची, कचेरीतल्या लोकांची मुलं. रोज संध्याकाळी सराव करणारी, नागपूरला जाऊन सामने खेळून आलेली. आमच्याकडचे गडी दिवसभर निंदण-डवरण करून यायचे, आणि संख्या पुरली नाही तर बोरगावचे दोघे उसने आणायचे. गावातले टवाळ म्हणत, "मोहगावले हरून जेवाची सवय लागली." दादाला हे फार झोंबायचं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ नारायण, आमच्या टीमचा मुख्य गडी. अंगानं सडपातळ, बोलायला कमी, पण त्याचा दम असा की विहिरीच्या थारोळ्यापासून, मोटेचं पाणी पडतं तिथून, "हुतूतू हुतूतू" म्हणत निघाला तर बगीच्याला वळसा घालून परत येईपर्यंत तुटायचा नाही. त्याचा दम कुठे बारीक होतो, कुठे चोरतो, हे ऐकण्याचं काम माझं होतं. मी परकर सावरत त्याच्या मागे धावायची आणि चूक काढली की त्याची एक टपली खायची.

एकदा रोडग्याची कणीक मळता मळता मायनं त्याला विचारलं, "तुले काय मिळन रे जिंकून? उलटं मेहनत करून लोकायले वाढत बसशीन." दादा म्हणाला, "तेच तं पायजे माय. दरसाल ते वाढते अन् आमी खातो. आपलं घर, आपला गहू, आपलं तूप, अन् वाढणारा हात त्यायचा. एकदा तरी माह्या हातानं वाढून पाहू दे." मायनं त्यावर जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलला, एकदा नारायणाला जिंकू दे, सव्वा पायलीचे रोडगे करीन. बाबा हसून म्हणाले, "तो मारुती निजलेला आहे. त्याले ऐकू जाईन असं जरा मोठ्यानं बोल." आमच्या घरात देवाचीसुद्धा अशी थट्टा चालायची. पण दादाच्या मनातली ही एवढीच इच्छा होती, आणि ती मला स्वतःच्या इच्छेसारखी पाठ होती.

सौसरचा मुख्य गडी वसंता, कापडदुकानदाराचा मुलगा. गोरा, हसरा, आणि चढाईवरून परत फिरताना नेहमी डाव्या पायावर गिरकी घेणारा. त्याचं माझ्या दादाशी वैर असायला हवं होतं, पण वाढताना तो दादाच्या पत्रावळीशी जरा जास्तच रेंगाळायचा. "नारायणराव, तुमचा दम माह्याहून मोठा आहे, पण तुमाले घाई फार," असं सांगायचा आणि वरून तुपाची धार सोडायचा. दादा मान खाली घालून ऐकायचा आणि दुसऱ्या दिवसापासून घाई कमी करायला लागायचा. वसंतानं पंगतीत सांगितलेल्या अशा गोष्टींवर आमची टीम वर्षभर घोटून घोटून तयार व्हायची.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी सौसरहून देवराव मास्तर आले. टीमचा कारभार नव्यानंच त्यांच्याकडे आला होता. माणूस वाईट नव्हता, कपडे परीटघडीचे आणि बोलणं मुद्द्याचं. बाजेवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "बाबाजी, राग मानू नका. यंदा आमी करीले येत नाही. नागपूरचं बोलावणं आहे त्याच दिवशी."

बाबा म्हणाले, "मंग दुसऱ्या दिवशी या."

"तसं नाही. साफच सांगतो. तुमच्यासंग खेळून आमच्या पोट्ट्यायचा खेळ बिघडते. न झोंबता जिंकाची आदत लागते. नागपूरचे लोक विचारते, तुमी यंदा कोणाले हरवलं? आमी सांगतो, मोहगावले. ते हसते, बाबाजी. बराबरीचा मुकाबला पायजे."

 बाबा गोठ्याकडे बोट करून म्हणाले, "मास्तर, नवा गोऱ्हा आमी जुन्या बैलासंगच जुंपतो. दोन गोऱ्हे एका जुवात जुंपले तं वखर बांधावर चढते. तो गोऱ्हा शिकन कोणापासून?"

"बरोबर आहे. पण त्यानं जुन्या बैलाची चाल मोडते, हेही तं खरं आहे ना?"

बाबांनी मान हलवली, कारण ते खरंच होतं. बैलांच्या बाबतीत बाबा कधी खोटं बोलत नसत. दाराआडून मी ऐकत होते आणि मास्तरांच्या चहात मीठ न घातल्याचं मला दुःख होत होतं. दादा खांबाला टेकून उभा होता. तो एवढंच म्हणाला, "मास्तर, तुमच्यासंग खेळल्याबिगर आमाले बराबरी येईन कशी?" मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि ते उठले.

मायचा यावर विश्वास बसला नाही. करीच्या दिवशी तिनं नेहमीएवढी कणीक मळली. "मास्तर बोलले असतीन. पोट्टे येतीन. जेवाचे दिवस कोणी सोडते काय?" दादानं रेषा आखल्या. गावातले लोक येऊन बांधावर बसले आणि ऊन कलल्यावर एकेक करून उठून गेले. रोडगे आम्ही दोन दिवस खाल्ले. सगळे गेल्यावर दादा एकटाच खळ्यात उतरला. मधल्या रेषेला पाय लावला आणि रिकाम्या अर्ध्यात चढाई करायला लागला. "हुतूतू, हुतूतू, हुतूतू." समोर कोणी नाही, धरायला कोणी नाही. जायचा, कोणालातरी शिवल्यासारखा हात पुढे करायचा आणि परत यायचा. मी बांधावर बसून त्याचा दम ऐकत होते. त्या संध्याकाळी तो कुठेच तुटला नाही, कुठेच चोरला नाही. एवढा स्वच्छ दम मी त्याचा पुन्हा कधी ऐकला नाही, आणि तो ऐकायला वसंता नव्हता याचं मला रडू आलं होतं. आज टीव्हीवर रंगीत चटयांवर कबड्डी चालते, नातू मला हौसेनं बोलावतो, मी बसतेही. पण त्या गोंगाटात दम ऐकूच येत नाही, मग मी पाहू तरी काय?

त्यानंतर राज्यं नव्यानं आखली गेली. आमच्याकडे कोणी रेषा आखायला आलं नाही. सकाळी उठलो तर बगीचा तिथंच, विहीर तिथंच. फक्त नागपूर, जिथं आमच्या संत्र्याच्या गाड्या जायच्या, जिथं मोठं दुखणं झालं की माणसाला न्यायचं, ते दुसऱ्या राज्यात गेलं आणि आम्ही भोपाळचे झालो. भोपाळ कुठल्या बाजूला आहे, हे आमच्या गावात कोणाला नीट सांगता येत नव्हतं. बाबा म्हणाले, "बोली तिकडं गेली अन् वावर इकडं राहिलं." सौसरच्या टीमला नागपूरहून कळवण्यात आलं की आता सामने त्यांच्या राज्यातल्यांसाठीच आहेत. ज्यांच्यासाठी आम्हाला सोडलं, त्यांनी सौसरला सोडलं. गावातल्या टवाळांना आनंद झाला, बांधावर बसून ते म्हणाले, "करावं तसं भरावं." दादा हसला नाही. त्याला वाईट वाटलं, आणि त्याला वाईट वाटलं म्हणून मला त्याचा राग आला.

पुढचं मला वसंताच्या तोंडूनच कळलं, पण त्याला अजून थोडा वेळ होता. सौसरवाले मग नव्या राज्यातल्या एका मोठ्या शहरात खेळायला गेले, दोन गाड्या बदलून. आपल्या राज्यातले म्हणून तिथं बोलावणं मिळालं. तिथली टीम नावाजलेली. पण मैदानात उतरले ते त्यांचे शाळकरी पोरगे. खरे खेळाडू कडेला खुर्च्यांवर बसून शेंगदाणे खात होते. मास्तरांनी विचारलं तेव्हा त्यांच्यातला एक म्हणाला, "सौसर? ये किधर पड़ता है?" सौसरनं तो सामना जिंकला, पण कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही आणि कोणी जेवणाचं विचारलं नाही. परतीच्या गाडीत सगळे चिवडा खात बसले होते, आणि वसंता म्हणाला, "मास्तर, मोहगावचे रोडगे आठवून राहिले."

पुढच्या करीला सौसरची बैलगाडी न बोलावता आमच्या दारात येऊन उभी राहिली. मायनं कणीक मळलेलीच होती, त्याला न बोलावता कसं म्हणायचं? वसंतानं तिच्या पायांना हात लावला आणि शहरातली सगळी हकीकत हसत हसत सांगितली. मास्तरही आले होते. ते त्याच बाजेवर बसले आणि चहाची बशी हातात फिरवत राहिले. बाबांनी त्यांना गोऱ्ह्याबद्दल काही विचारलं नाही. पाहुण्याला त्याचेच शब्द वाढायचे नसतात, एवढी रीत बाबांना होती.

खेळ सुरू झाला आणि मोहगाव जिंकायला लागलं. दादानं एका चढाईत तिघांना शिवलं. बोरगावच्या उसन्या गड्यांनी सौसरचा भलाथोरला गडी उचलून आपटला. डफडी वाजू लागली, बांधावर म्हातारे उभे राहिले, काकू हातातली फुंकणी घेऊन नाचायला लागली. मीही ओरडत होते. मग वसंता चढाईला आला. आत शिरला, कोपऱ्यातल्या गड्याला हुलकावणी दिली आणि परत फिरला, पण डाव्या पायावर नाही, उजव्या. अडखळला, दादाच्या हातात घोटा दिला आणि रेषेपासून हातभर अंतरावर त्याचा दम संपला. वसंताचा दम असा संपत नसतो, हे मला ठाऊक होतं. मी दादाकडे पाहिलं. त्यालाही ठाऊक होतं. सगळं गाव नाचत होतं आणि तो वसंताचा घोटा तसाच धरून मातीत बसला होता.

पंगत मांडली. सौसरवाले पत्रावळीपुढे बसले, वसंता सगळ्यात पुढे. मायनं नवा दुपट्टा काढून ठेवला होता, किती वर्षांपासून कोण जाणे. काकानं तो दादाच्या हातात दिला, रोडग्याची परडी पुढे केली. दादानं दुपट्टा घेतला आणि बांधला नाही.

"वाढ ना रे," काका म्हणाला. "पाहुणे बसून राहिले."

दादा वसंताला म्हणाला, "तुहा दम केवढा आहे, मले मालूम नाही काय?"

वसंता खाली पाहू लागला. "नारायणराव, चुकून पाय घसरला."

"झूट नको बोलू. हरलो मी दरसाल, मले हरणं खपते. तुमी आले नाही, आमाले कमजोर म्हटलं, तेही खपलं. कमजोर होतोच. पण हे नाही खपत. भीक घातल्यासारखं जिंकवता काय मले? माह्याच दारात?"

 डफडं वाजवणारा अजून वाजवतच होता, त्याला कोणीतरी हातानं थांबवलं. मास्तर उठून उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीसारखा मुद्द्याचा नव्हता. "ती माही अक्कल होती. पोट्ट्यायचा कसूर नाही. वाटलं, मागच्या साली आमी तुमचा मान नाही ठेवला, यंदा तुमाले मान द्याव."  दादा रडवेला झाला होता. एवढा मोठा भाऊ, ज्याला मी घाबरायची, तो हातात दुपट्टा घेऊन लहान मुलासारखा उभा होता, आणि मला धावत जाऊन त्याच्यापुढे उभं राहावंसं वाटत होतं. पण पंगतीत बायकांनी जायचं नव्हतं.

बाबाच शेवटी बोलले. "उठा सगळे. उजेड आहे अजून. पुन्हा खेळा, अन् खरं खेळा."

"अन् रोडगे?" काका म्हणाला.

माय बांधावरून ओरडली, "राखेत घालते मी परत. राखेत रोडगा थंडा नाही होत. जा तुमी!"

उपाशीपोटी, उतरत्या उन्हात ते पुन्हा खेळले. सौसरनं आम्हाला असं धुतलं की त्याआधी कधी धुतलं नव्हतं. वसंता डाव्या पायावर गिरकी घेऊन असा निसटायचा की आमचे गडी एकमेकांवर पडायचे. दादानं त्याला एकदा धरलं, खरं धरलं, मांडीला मिठी मारून, आणि तरीही वसंता त्याला फरफटत रेषेपर्यंत घेऊन गेला. दोघं रेषेवर पडले, तोंडात माती, आणि दादा मोठ्यानं हसला. त्याचं ते हसणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. मग मोहगाव पंगतीला बसलं. मायनं काढलेला तो नवा दुपट्टा दादानं स्वतः वसंताच्या कमरेला बांधला. दादा त्या दिवशी रोडग्यामागून रोडगा खात गेला, आणि वसंता वाकून वाकून विचारत राहिला, "अजून घेता काय, भाऊ?" त्या दिवसापासून तो नारायणराव म्हणायचं विसरला. माय बांधावर पदर डोळ्यांना लावून बसली होती. विचारलं तर म्हणाली, धूर लागला.

त्यानंतर सौसरनं करीचा सामना चुकवला नाही. नवे गडी आले, जुने कडेला बसायला लागले, आणि दादाची टीम दरवर्षी थोडी थोडी बरी होत गेली, पण जिंकली कधीच नाही. एकदा अगदी थोडक्यात गेलं, त्या वर्षी मी तिथं नव्हते. माझं लग्न सावनेरकडे झालं होतं. बैलगाडीनं गाठता येईल एवढं जवळचं माहेर, आणि ते दुसऱ्या राज्यात. वाटेत नाका झाला, गाड्या थांबायला लागल्या. पोळ्याला मला दरवर्षी वाटायचं, आत्ता गोवऱ्या पेटल्या असतील, आत्ता दादा रेषा आखत असेल, आणि मी इथं परक्या चुलीपाशी बसून त्याचा दम कानात ऐकायची. एवढ्या जवळच्या गोष्टीसाठी इतकं झुरावं लागतं, हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं.

दादा गेला तेव्हा आम्ही सगळेच म्हातारे झालो होतो. तेरवीला मोहगावात, त्याच बगीच्याच्या कडेला पंगत मांडली. त्याला आवडायचे म्हणून वहिनीनं रोडगे करायला लावले होते. वसंता आला, नातवाच्या खांद्यावर हात टाकून, एक गुडघा वाकत नसलेला. मी म्हटलं, "वसंतादादा, तुमी खुर्चीवर बसा." तो म्हणाला, "नाही, पंगतीत बसतो." दोघांनी धरून त्याला खाली बसवलं. पोरं परडी घेऊन वाढायला आली, तर त्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला.

"कौसे, तू वाढ."

"मी? मी कशी वाढू? पोट्टे आहेत ना."

"ते नाही. तू वाढ, नारायणाच्या हातचं म्हणून." त्यानं हात हलवला नाही. "आज मी हरलो. आज खरंच हरलो, बाई."

 आजवर त्या पंगतीत एकाही बाईनं वाढलं नव्हतं, आणि दादानंही नाही. मी पदर कमरेला खोचला आणि परडी घेतली, तसा त्यानं हात बाजूला केला. त्याच्या पत्रावळीवर रोडगा ठेवला, फोडला, वर तूप सोडलं, आणि गुडघे दुखत होते तरी पुरती वाकून विचारलं, "अजून घेता काय, भाऊ?"

वसंतानं डोळे पुसले आणि पत्रावळी पुढे सरकवली. "वाढ," म्हणाला.